आडात सोडलेला रस्ता

सकाळी दुकानाचं शटर वर ढकललं की सगळ्यात आधी नाकात शिरतो तो शाम्पूचा वास, आणि त्याच्या मागोमाग जळक्या ऑइलचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आहे. तिथे दिवस उजाडल्यापासून गाड्या धुतल्या जातात. तो फेस, चेनवरचं काळं वंगण, चाकांना चिकटून आलेली परळीच्या वीजकेंद्राकडची राख, कुणीतरी थुंकलेला गुटखा, हे सगळं एकत्र होऊन त्याचा एक पातळ राखाडी ओहोळ सिमेंटवरून माझ्या पायरीखालून पुढे जातो. त्यावर तेलाचे निळे-जांभळे रंग तरंगत असतात आणि शाळेला निघालेली पोरं ते बघायला वाकतात. मी बघत नाही. तो ओहोळ कुठे जातो हे मला ठाऊक आहे, आणि त्याला तिकडची वाट ज्यांनी करून दिली ती माणसं रोज माझ्याकडून साखर आणि चहापत्ती नेतात. मी त्यांच्याशी नीट बोलतो, घरच्यांची चौकशी करतो, दुकान म्हटल्यावर ते करावंच लागतं. पण मनातून मला या गल्लीचा राग आहे. वय वाढेल तसा तो निवेल असं वाटलं होतं. निवला नाही.

पूर्वी ही गल्ली मुरमाची होती. तुम्ही मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावात वाढला असाल तर तो तांबूस, भुरभुरा, अनवाणी पायांना किंचित टोचणारा मुरूम तुम्हाला सांगायला नको. आषाढात त्याचा चिखल होई, धोतरांचे सोगे आणि लुगड्यांचे काठ रंगून जात, आणि तेव्हा त्याला शिव्याही खूप पडत. पण पाऊस पडला की मुरूम आधी स्वतः पोटभर पीत असे आणि मग सावकाश, कुणाला न दाखवता, खाली सोडत असे. आमच्या गल्लीतल्या आडाचं पाणी पावसाच्या दिवशी कधीच चढलं नाही. ते मागाहून चढे. गौरी जेवून गेल्या, गणपती बुडाले, की मग एखाद्या सकाळी पाणी ओढताना दोर हाताशी जास्त उरू लागे आणि बाया एकमेकींना सांगत, आलं बाई पाणी वर. तोवर ते मातीतून, वाळूतून, खडकाच्या फटींतून चालत आलेलं असे. चव म्हणाल तर काहीच नसे. नुसता गारवा. पाण्याला याहून वेगळी चव असते हे मला फार उशिरा, आणि फार वाईट रीतीने कळलं.

हा आड गल्लीच्या मधोमध, महादेवाच्या छोट्या देवळाला लागून. घडीव दगडाची कड, बाजूला जनावरांसाठी एक दगडी डोण, आणि कडेला शेंदूर फासलेले सात दगड, म्हणजे साती आसरा, पाण्याच्या देवी. आडाच्या ओट्यावर चप्पल घालून चढायचं नाही, हा आमच्या गल्लीचा सगळ्यात कडक कायदा होता. कुणाचा जावई असो, तलाठी असो, नाहीतर मोजमापाला आलेला बूटवाला साहेब असो, त्याला खाली उतरवून पादत्राणं काढायला लावलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. आम्ही पोरं खेळताना चुकून चपलेसकट ओट्यावर चढलो तर मोठ्यांचा हात आधी उठे आणि तोंड मागाहून. पायाखालची घाण पाण्याच्या जवळ न्यायची नाही, एवढं त्यातलं साधं शहाणपण होतं. ते आम्हाला कुणी समजावून सांगितलं नाही, म्हणून आमच्या हाती फक्त चपला काढणं तेवढं उरलं असावं.

आडाला जशी आसरांची राखण होती तशीच एका घराचीही होती. गल्लीच्या शेवटच्या टोकाला एक मेंढपाळाचं घर. त्या घरातल्या कुणा पूर्वजाने हा आड खोदताना पहिली कुदळ मारली, आणि पाणी लागलं तेव्हा पहिली ओंजळ त्यानेच प्यायली, असं सांगत. तेव्हापासून आडाच्या पहिल्या ओंजळीचा मान त्या घराचा. गल्लीतली बाळंतीण सव्वा महिन्याची झाली की बाळाला घेऊन आड पुजायला येई. आसरांना हळदकुंकू, खणाचा तुकडा, हिरव्या बांगड्या. मग त्या घरातली बाई आडातून पाणी शेंदून बाळंतिणीच्या ओंजळीत घाली आणि बोट बुडवून एक थेंब बाळाच्या ओठांना लावी. आम्ही दुकानदारांची, गळ्यात लिंग बांधणारी घरं. ते मेंढरांमागे फिरणारे. एरवी आमच्यात उंबऱ्याबाहेरचा व्यवहार. पण हा एक थेंब त्यांच्याच हातचा लागे. मला तो त्या घरातल्या जुन्या सासूच्या हातून मिळाला, माझ्या लेकीला तिच्या सुनेच्या. त्या सुनेला मी मावशी म्हणत आलो.

मावशी काही देवमाणूस नव्हती. आवाज असा की ती घरात बोलली तर माझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकाला ऐकू जाई. शेळीच्या दुधात सर्रास पाणी घालायची आणि कुणी टोकलं तर म्हणायची, "आडाचं घातलंय, नळाचं न्हाई." गुळाचा खडा चाखल्याशिवाय गूळ घ्यायची नाही, आणि चाखायला घेतलेला खडा चांगला सुपारीएवढा असायचा. मिशरीने काळे झालेले दात, अंगाला लोकरीचा आणि शेरडांचा वास. मला ती अप्पा म्हणे आणि दिवसातून एकदा तरी पायरीवर टेकून गल्लीतल्या सगळ्यांचा उद्धार करी. तिच्या घरचे पुरुष मेंढरं घेऊन बाहेरगावी असत, ती चार शेळ्या-मेंढ्या घेऊन घर धरून होती. तिची जनावरं संध्याकाळी खुरांचा आवाज करत गल्लीतून येत आणि थेट डोणीवर जात. तो आवाज आला की दिवे लावायची वेळ झाली असं घराघरांतून समजत.

मग ती दुष्काळाची वर्षं आली. टँकर, रांगा, हंड्यांवरून जुंपलेली भांडणं, सगळं तुम्हाला माहीत आहे. त्याही दिवसांत आडाच्या तळाशी घागरभर पाणी असायचं आणि गल्ली त्यावर तगली. दुष्काळ सरला आणि माणसांना हुरूप आला. गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. चांगला रुंद, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मध्ये वीतभरही माती ठेवली नाही. लिंबाच्या बुंध्याभोवतीसुद्धा सिमेंट आवळून टाकलं. ज्यांच्या अंगणात माती उरली होती त्यांनी हौसेने सिमेंटचे गट्टू बसवून घेतले, कारण शेजाऱ्याने बसवले होते. सगळ्यांना फार आनंद झाला. चिखल गेला, पाहुणे येताना नाक मुरडत नव्हते, मुलींच्या सोयरिकी जमवताना गल्ली दाखवायला बरी झाली. हे मी चिडून सांगतोय, पण त्यातलं खोटं काही नाही.

फक्त पाऊस पडला की पाण्याला कुठे जावं हेच कळेना. ते घरांत घुसू लागलं. तेव्हा गल्लीतल्या पुढाऱ्याला कल्पना सुचली. असतो तसा प्रत्येक गल्लीत एक, पांढरा शर्ट, दोन फोन. त्याने कुठेतरी पुनर्भरण हा शब्द ऐकला होता आणि तो त्याला फार आवडला होता. रस्त्याचं सगळं पाणी आडात सोडायचं, आड बारा महिने भरलेला, वर गल्लीचं नाव. देवळासमोर बैठक झाली. ज्या माणसाकडून आराखडा काढून आणला होता त्याने आडाच्या आधी वाळू, खडी आणि दगडगोटे भरलेला एक खड्डा दाखवला होता. पाणी त्यातून गाळून मग आडात. पण खड्ड्याची जागा नेमकी पुढाऱ्याच्या मेहुण्याची जीप उभी राहते तिथे येत होती. तेव्हा खड्डा राहिला. मी उठून म्हणालो, खड्डा नसेल तर पाइपच नको.

"तुला काय कळतंय बे?" पुढारी म्हणाला. "पानी वरून येतंय, देवाचं हाय. देवाच्या पान्याला गाळनं कावून लागतंय?"

"वरून देवाचं येतंय, खरं हाय," मी म्हणालो, "पर खाली रस्ता आपला हाय ना. त्याच्यावर आपून काय काय सांडतो, बघतूस का कधी?"

लोक हसले. माझ्या बोलण्यावर नाही, माझ्यावर हसले. दुकानदार माणूस पाण्यातही पैसे बघतो, असं कुणीतरी मागून म्हणालं. त्यात पैसे कुठे होते ते मला आजवर समजलेलं नाही.

उद्घाटनाचा दिवस मी विसरायचा म्हटलं तरी विसरणार नाही. आडाच्या दगडी कडेला भोक पाडून जाड पाइप आत सोडला होता, रस्त्याचा उतार त्याच्याकडे काढला होता, झेंडूच्या माळा, लाउडस्पीकर. आणि पुढारी ओट्याजवळ आला, थांबला, आणि त्याने चपला काढल्या. त्याच्यामागे सगळ्या मंडळींनी काढल्या. चपलांची चांगली लांब रांग लागली. मग अनवाणी पायांनी, अदबीने ओट्यावर चढून त्यांनी आसरांना हात जोडले, नारळ फोडला, आणि ज्या रस्त्यावर त्या सगळ्या चपला, सगळी चाकं रोज फिरतात, सगळी थुंकी, सगळ्या गटारी आणि कोंबडी कापणाऱ्याच्या बादल्या रोज सांडतात तो रस्ता आडात सोडला. मला हसू आलं नाही. हातातलं प्रसादाचं खोबरं घेऊन मी दुकानात आलो आणि ते तसंच गल्ल्यावर ठेवलं.

पुढच्या जोराच्या पावसात आड काठोकाठ भरला. लोक छत्र्या घेऊन बघायला आले, फोटो काढले. गौरींची वाट पाहावी लागली नाही, खडकातून चालत यावं लागलं नाही, पाणी रस्त्यावरून पळत आलं आणि उडी मारून आत पडलं. काही दिवसांनी ते हिरवं दिसू लागलं, मग काळपट. वर एक तवंग धरला. बादली शेंदली की हाताला बुळबुळीत लागे आणि वास यायचा तो आता मला रोज सकाळी येतो तोच. आड पिण्यासाठी बंद झाला. घरोघरी जारचं पाणी सुरू झालं. याबद्दल फार कुणाला वाईट वाटल्याचं दिसलं नाही. जार फ्रीजसारखे गार असतात.

अडचण मावशीची झाली. शेळ्यांना जार परवडत नाहीत आणि नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. तिच्या शेळ्या सवयीने डोणीवर जात, नाक लावत आणि तोंड फिरवत. तहानेने शेवटी प्यायच्या, आणि मग हगवण. एक गाभण शेळी गाभडली. मावशी पायरीवर बसून मला म्हणाली, "अप्पा, आसरा उठून गेल्या बघ. गल्लीत भांडनं लई झाली, त्या तरी कशाला ऱ्हातील?" मी तिला पाइपचं सांगायला लागलो, तर तिने हात उडवला. तिच्या लेखी पाणी आसरांचं होतं, पाइप माणसांचा.

गल्लीने मात्र कारण शोधलं होतं. शेरडं. डोणीपाशी लेंड्या पडतात, त्या आडात जातात, त्यानेच पाणी नासलं. मी खोटं तरी कसं म्हणू? लेंड्या जातच होत्या. मुरमाची गल्ली होती तेव्हा त्या जागच्या जागी वाळून जात आणि कुणीतरी परसातल्या वांग्यांना नेऊन घाली. आता पावसाबरोबर त्याही ऑइलच्या सोबतीने पाइपातून खाली जात. पण इतकी वर्षं त्याच डोणीवर त्याच जनावरांच्या पिढ्या पाणी प्यायल्या, ते पाणी आम्ही सगळे प्यायलो, हे बोलून दाखवायला गल्लीत कुणी तयार नव्हतं. जनावरं आडापाशी आणायची नाहीत, असं ठरलं. पाइप कुणाच्या तोंडीसुद्धा आला नाही.

त्याच सुमारास माझी लेक बाळंतपणाला आली होती. नात झाली. सव्वा महिना झाला आणि आड पुजायचा दिवस आला. पाणी पिण्याजोगं नाही हे सगळ्यांना माहीत होतं, पण एका थेंबाने काय होतंय, असं बायांचं म्हणणं पडलं. माझी बायको नको म्हणत होती, मीही नको म्हणत होतो, आणि लेक मधल्यामध्ये सापडली होती. आसरा रागवायला नकोत, असं म्हणत शेजारणींनी ताटं भरली. ज्या मावशीच्या जनावरांना हाकललं होतं तिला मानाने बोलावणं गेलं. मला वाटलं ती येणार नाही. ती आली. धुतलेलं लुगडं, कपाळभर कुंकू. ओट्याखाली चपला काढल्या, आसरांना नमस्कार केला आणि शेंदायला वाकली.

बादली वर आली. मावशीने तांब्या बुडवला आणि तोंडाजवळ नेऊन हुंगला. माझी लेक तिच्यासमोर ओंजळ धरून उभी होती. मावशीने लेकीकडे पाहिलं, कुंचीतल्या बाळाकडे पाहिलं, आणि तांब्या सिमेंटवर उपडा केला.

"ह्ये मी लेकराच्या तोंडाला लावनार न्हाई," ती म्हणाली. "माझ्या शेळ्या ह्याला तोंड लावीनात. मान तुमचा तुमाला ऱ्हाऊ द्या."

लेकीने ओंजळ खाली केली आणि नातीला छातीशी घेतलं. तिच्या चेहऱ्यावरची सुटका मला अजून दिसते. पण बाकीच्या बायांमध्ये कुजबुज सुरू झाली होती. भर पूजेत आसरांचं पाणी ओतून दिलं. बाळंतिणीच्या ओंजळीतला मान काढून घेतला. दुपारपर्यंत ही गोष्ट साऱ्या गल्लीत झाली आणि तिन्हीसांजेपर्यंत तिचा शाप झाला होता. पुढे कुणाचं पोर तापाने फणफणलं, कुणाचा पाय मुरगळला, सगळं मावशीच्या नावावर. तिच्या दारावरून जाताना बाया लेकरांची तोंडं पदराने झाकू लागल्या. तिच्याकडचं दूध घेणं बंद झालं. गल्लीच्या तोंडाशी जनावरं आणू नयेत असा फलक लागला, खाली पुढाऱ्याचा फोटो. मी भांडलो. ज्याच्या नातीसाठी तिने हे केलं तो मी, मलाच त्यात दोष दिसत नाही, तर तुम्हाला कावून दिसतोय, असं देवळासमोर उभं राहून विचारलं. दुसऱ्या दिवशी सगळे नेहमीप्रमाणे साखर न्यायला आले.

मावशी धारूरच्या बाजूला, डोंगराच्या कडेला तिच्या भावाची वस्ती आहे, तिकडे गेली. टेम्पोत तिची भांडी आणि शेळ्या चढवायला मी आणि माझी बायको होतो. गल्ली आपापल्या दारांआड होती. ती गेल्यावर तरी पाणी निवळायला हवं होतं की नाही? आता तर एक लेंडीही पडत नव्हती. पाणी आणखी काळं झालं. आसपासच्या बोअरनाही तोच वास येऊ लागला. वास घरांत येतो म्हणून आडावर स्लॅब टाकला, स्लॅबवर गट्टू बसवले. पाइप खाली तसाच आहे. बाळंतिणी अजूनही सव्वा महिन्याने येतात, चपला काढून त्या गट्टूंवर चढतात आणि जारमधलं पाणी आसरांवर शिंपडून घरी जातात. पहिली ओंजळ कुणी द्यायची यावरून आता दोन घरांत मानाचा वाद चालू आहे.

मधे एकदा मावशीला भेटायला गेलो. केजवरून जीप, मग धारूरचा घाट, मग पायी. पाऊस होऊन गेला होता आणि वस्तीची वाट घोट्याएवढ्या चिखलाची. मावशी म्हातारी झालीय. आवाज तोच. मी गल्लीचा विषय काढून पुढाऱ्याला चार शिव्या दिल्या, तर ती ऐकून घेत राहिली. तिने एकेका घराची चौकशी केली, कुणाच्या सुनेचं काय झालं, कुणाचा दमा कसा आहे. तिच्या मनात काहीच उरलेलं नव्हतं. मी एवढा राग जपून नेला होता, त्याला तिच्याकडे जागाच नव्हती. मग ती मला वस्तीखालचं तळं दाखवायला घेऊन गेली. डोंगरातून झिरपून आलेलं, तळाचे गोटे दिसतील असं पाणी. तिच्या शेळ्या काठाशी उतरत होत्या.

"अप्पा, आमच्या वस्तीलाबी सिमेंटचा रस्ता मंजूर झालाय," ती म्हणाली. तिच्या आवाजात खरा आनंद होता. "थेट घरापतूर. खडी येऊन पडलीय बघ."

मी पाहिलं. खडीचे ढीग, पांढऱ्या भुकटीने आखलेल्या दोन रेघा. "उतार कुनीकडं काढनार हायती?" मी विचारलं.

तिने हात लांब करून तळ्याकडे दाखवलं. "पानी हिकडंच येईल की. वाया कशाला घालवायचं?"

मी तिला सांगितलं. पाइपापासून सगळं, पहिल्यांदाच शेवटपर्यंत सांगितलं. आसरा उठून गेल्या नव्हत्या, आम्ही त्यांच्या अंगावर रस्ता ओतला, असं म्हणालो. रस्ता होऊ दे पण उतार दुसरीकडे काढायला सांग, काठाला माती राहू दे, वाळू-खडीचा खड्डा घेऊ दे. माझं संपल्यावर ती चिखलाने माखलेल्या स्वतःच्या पायांकडे बघत राहिली.

"औंदा आमच्या सुनंला बाजंवर टाकून खाली न्यावं लागलं," ती म्हणाली. "वाटंतच बाळंत झाली. लेकरू ऱ्हायलं न्हाई. तू म्हनतूस ते खरं आसंल अप्पा. पर ठेकेदार माजं ऐकल व्हय? त्याला उतार फिरीव म्हनलं अन् त्यो रस्ताच फिरवून घेऊन गेला, तर?"

सिमेंटच्या कोरड्या गल्लीतून आलेल्या माणसाने तिला काय सांगायचं? इतकी वर्षं माझा राग मला नीट ठाऊक होता, कुणावर आहे, कशासाठी आहे, सगळं. त्या काठावर तो तसाच होता, पण तो धरून उभं राहणं मला जमेना. शेळ्या गुडघे टेकून पाणी पीत होत्या, मधूनच मान वर करून आमच्याकडे बघत होत्या आणि पुन्हा पीत होत्या. त्यांचं पिऊन होईपर्यंत मी तिथून हललो नाही.